नरहर मास्तरांची उन्हातली पेटी

नरहर मास्तर गेल्या मार्गशीर्षात, एका सोमवारी सकाळी, लोणावळ्याजवळ वलवणला आपल्या मुलाच्या घरी वारले. वय एकाहत्तर. सकाळचा चहा झाला होता आणि ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टर पोहोचण्यापूर्वी सारे संपले. मला हे बुधवारी कळले, पुण्यात, वर्तमानपत्राच्या कचेरीत, टपालाच्या गठ्ठ्यातल्या एका पोस्टकार्डावरून. कार्ड त्यांच्या सुनेचे, सुमतीबाईंचे. मजकूर दोन वाक्यांचा : "बाबा सोमवारी सकाळी गेले. पेटी उन्हात आहे." शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ते वाचले आणि दुसरे वाक्य कशाबद्दल आहे असे विचारले. सांगायला वेळ लागला असता आणि पान छापायला सोडायची वेळ झाली होती, म्हणून तेव्हा सांगितले नाही. ते इथे सांगतो.

मास्तरांची आणि माझी ओळख सत्तावीस वर्षांपूर्वीची. पहिले महायुद्ध चालू होते. परंदवडीच्या बाजूला एका गावातल्या शाळेवर माझी दुसरा मास्तर म्हणून नेमणूक झाली. नरहर मास्तर पहिले. गावाचे नाव देत नाही, कारण या हकिकतीतली दोन-तीन माणसे अजून हयात आहेत आणि त्यांची आठवण माझ्या आठवणीशी जुळेलच असे नाही. मास्तरांना आडनाव होते, पण ते हजेरीपटाबाहेर कुणी वापरले नाही. उंच, सडपातळ, डोक्याला रुमाल, काखेत छत्री. बोलताना समोरच्याने काहीही विधान केले की ते विचारत, "कुणी पाहिलं?" गावात वाघ आला, म्हैस आटली, अमक्याच्या अंगात येते... प्रत्येकाला हाच प्रश्न. पुढे मी मास्तरकी सोडून वर्तमानपत्रात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी उपसंपादकाने माझ्या मजकुरावर लाल पेन्सिलीने हेच दोन शब्द लिहिले, आणि मला घरी आल्यासारखे वाटले. मास्तरांची जिंदगी म्हणजे एक लाकडी पेटी, हातभर उंच, पितळी कड्यांची. तिच्यात कपडे कमी आणि पुस्तके जास्त. त्यातले सर्वांत जाड पुस्तक युरोपच्या इतिहासाचे, इंग्रजी, पुण्यात जुन्या बाजारात घेतलेले. ते त्यांनी इतक्या वेळा वाचले होते की शिवण सुटून पानांचे जुडगे वेगळे झाले होते.

त्या काळी मावळातल्या गावांना प्लेगची सवय झाली होती, म्हणजे जेवढी अशा गोष्टीची होऊ शकते तेवढी. "उंदीर पडले", म्हणजे मरू लागले, एवढे दोन शब्द कानावर आले की बायका पाट-वरवंटा बाहेर काढत. देवाचे टाक परडीत घालून आधी देव गावाबाहेर पडायचा, मग माणसे. घरांची कौले उतरवून ठेवायची, म्हणजे ऊन आत जाते. देव गेला की गावात चूल पेटवायची नाही. कुणाच्या घरातून धूर दिसला तर त्या घराची सगळ्यांत मोठी नाचक्की. त्या वर्षी भात झोडून झाले आणि पहिला उंदीर पडला तो हुसेनभाऊंच्या दुकानात. हुसेनभाऊ गावचे किराणा आणि धान्याचे दुकानदार. तीन पिढ्या गावात काढलेल्या, बोलणे-चालणे गावासारखेच. त्यांच्याकडे तळेगावच्या स्टेशनावरून धान्याची पोती येत. आठवड्यात गावात दोघे गाठ येऊन दगावले, आणि गाव बाहेर पडले.

माळ गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठाने चढून गेल्यावर. कारवीच्या भिंती, भाताच्या पेंढ्याचे छप्पर, अशा झोपड्या दोन दिवसांत उभ्या राहिल्या. मास्तरांनी आणि मी मिळून एक बांधली; ती तिसऱ्या दिवशी वाऱ्याने बसली आणि मग आमच्या विद्यार्थ्यांच्या आयांनी पुन्हा बांधून दिली. शाळा आंब्याखाली भरू लागली. पण त्याआधी मास्तरांचे आणि गावाचे एक भांडण झाले. लोक माळावर येताना धान्याच्या कणग्या उचलून आणत होते. कणगी म्हणजे बांबूची, शेणाने लिंपलेली, माणसाच्या कमरेइतकी. तिच्या तळाशी उंदराचे घर असते हे सर्वांना ठाऊक; पण कणगी मागे ठेवायची म्हणजे लक्ष्मी मागे ठेवायची, असा समज. मास्तर पायवाटेच्या तोंडाशी छत्री आडवी धरून उभे राहिले. त्यांचे म्हणणे : उंदरावर पिसू असते, पिसवेतून रोग माणसात येतो, आणि उंदीर दाण्याच्या मागे येतो, तुम्ही उंदरापासून पळता आहात आणि त्याला डोक्यावर घेऊन पळता आहात. धान्य खाली कातळावर तीन दिवस उन्हात पसरा, मग गोणीत भरून वर आणा, कणगी गावात राहू द्या. आबा पाटील, गावचे मोठे खातेदार, यांना हे पटले. गावातल्या ठकूमावशींना पटले नाही. त्यांची कणगी माहेरची होती. त्या मास्तरांसमोर कणगीला टेकून दुपारपर्यंत बसून राहिल्या, आणि अखेर उठताना म्हणाल्या, "ठिवते मागं. पन ध्यानात ऱ्हाऊ द्या, मास्तर." मास्तरांच्या ध्यानात राहिले की नाही सांगता येत नाही. माझ्या राहिले.

माळावर दिवस लांब असतो. शेताची कामे उरकलेली, गावात जायची बंदी. तिसऱ्या प्रहरी लोक आमच्या झोपडीसमोर येऊन बसू लागले आणि मास्तर त्यांना युरोपातल्या प्लेगची हकिकत सांगू लागले. पाच-सहाशे वर्षांपूर्वी काळ्या समुद्राकडून निघालेली गलबते इटलीच्या बंदरांना लागली, त्यांत धान्य होते आणि धान्यात उंदीर होते, इथून सुरुवात. मग रोग कोणत्या रस्त्याने कुठल्या शहरात गेला, हे ते तळेगाव, वडगाव, कामशेत असे बोटावर मोजल्यासारखे सांगत. तिथल्या मोठ्या वैद्यांनी राजाला लिहून दिले होते की शनी, गुरू आणि मंगळ कुंभेत एकत्र आल्याने हवा बिघडली. हे ऐकून गावचे जोशी फार खूष झाले. इतका दूरचा दुजोरा त्यांना आयुष्यात प्रथमच मिळाला होता. मास्तरांनी त्यांना विचारले, कुणी पाहिलं? जोशी म्हणाले, शनी तर आम्ही रोज पाहतो. काही लोक पापाची फेड म्हणून गावोगाव स्वतःला चाबकाने फोडून घेत हिंडत आणि त्यांच्याबरोबर रोगही हिंडत असे. ठकूमावशींनी विचारले, म्हणजे पोतराजच की? मास्तर म्हणाले, जवळजवळ. लोकांना युरोप एकदम जवळचा वाटू लागला.

सर्वांत रंगले ते मजुरीचे प्रकरण. रोगाने गावेच्या गावे ओस पडली, शेते पिकून उभी आणि कापायला माणूस नाही. जे मजूर वाचले त्यांनी दुप्पट मजुरी मागितली, आणि मिळाली. इंग्लंडच्या राजाने कायदा केला की रोगाआधी होती तीच मजुरी द्यायची, जास्त मागेल त्याला खोड्यात अडकवायचे. पण शेतमालकच चोरून जास्त देऊ लागले, कारण धान्य गळून चालले होते. बापदादांपासून मालकाच्या जमिनीला बांधलेली कुळे उठून दुसऱ्या गावी जाऊ लागली. हे प्रकरण मास्तरांना तीन दिवस पुन्हा पुन्हा सांगावे लागले. तिसऱ्या दिवशी आबा पाटलांनी त्यांना बाजूला घेतले आणि जरा पुढचे सांगा म्हणून सुचवले. आबांची पंधरा माणसे मजुरीवर होती आणि ती पंधराही पहिल्या रांगेत बसत.

हे सगळे चालले होते तेव्हा हुसेनभाऊ त्या मंडळीत नव्हते. पहिला उंदीर त्यांच्या दुकानात पडला, म्हणून त्यांची झोपडी ओढ्याच्या पलीकडे बांधायला लावली होती. घरात म्हातारी आई, बायको आणि अंगावरचे मूल. पोती त्यांनी मास्तरांच्या समोर रिकामी करून, झटकून, चार दिवस कातळावर टाकली होती. तरीही त्यांच्याकडचे मीठ कुणी घेईना. मग पिण्याच्या पाण्याच्या झऱ्याकडे जाणाऱ्या त्यांच्या वाटेवर कुणीतरी बोराटी आणून टाकली. बोरीची काटेरी फांदी वाटेत आडवी टाकली की पुढे यायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. हुसेनभाऊ खालच्या डबक्यातले पाणी गाळून नेऊ लागले. मास्तरांनी आबांना दोनदा बोलून पाहिले. आबा म्हणाले, लोक ऐकत नाहीत. मास्तरांनी विचारले, कुठले लोक? आबांनी विषय बदलला.

आणि एका सकाळी ठकूमावशींना झऱ्याच्या पायरीवर मेलेला उंदीर दिसला.

तासाभरात सगळा माळ गोळा झाला. दोन-तीन मायलेकी आधीच बोचकी बांधायला लागल्या होत्या, पण आता कुठे जायचे हे कुणाला ठाऊक नव्हते. ठरले ते एवढेच की हुसेनभाऊंनी आज, ऊन उतरायच्या आत, गाडी जोडून निघायचे. गाडी आबांची. त्या दिवसांत प्लेगच्या गावचा माणूस कुठल्याच वेशीत घेत नसत; वाटेवरच्या प्रत्येक गावाने राखणीला माणसे बसवली होती. म्हणजे म्हातारी आणि तान्हे मूल घेऊन त्यांना थंडीत रस्त्यावरच राहावे लागले असते. हे सर्वांना कळत होते, आणि म्हणूनच कुणी एकमेकांकडे पाहत नव्हते. हुसेनभाऊ ओढ्याच्या पलीकडे उभे होते. त्यांनी एकदाच सांगितले की पोती झाडली होती.

मास्तरांनी आजवर न सांगितलेले प्रकरण तेव्हा सांगितले. त्या रोगात युरोपच्या कित्येक शहरांत बोलवा उठली की यहुदी लोकांनी विहिरीत विष टाकले. यहुदी म्हणजे आपल्या कोकणात शनवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली आहेत, त्यांच्यापैकी. मारून मारून कबुलीजबाब घेतले आणि बायकापोरांसकट माणसे जाळली. खुद्द तिथल्या मुख्य धर्मगुरूने सांगितले की हे खोटे आहे, यहुदीही याच रोगाने मरताहेत. कुणी ऐकले नाही. आणि ज्या शहरांनी रोग यायच्या आधीच यहुदी जाळून टाकले, तिथेही रोग आलाच. आबा म्हणाले, "तुमी म्हंता त्ये खरं आसंल, मास्तर. पन त्ये तितलं. हितं उंदीर काय चालत पानी प्यायला आला न्हाई. कुनाच्या तरी बोचक्यातनं आलाय."

"पुस्तकात लिहिलंय ते दाखवतो," मास्तर म्हणाले, आणि मला पेटी बाहेर आणायला सांगितले. इंग्रजी पुस्तक आबांना दाखवून काय होणार होते, हा प्रश्न त्या वेळी आम्हा दोघांनाही सुचला नाही. आम्ही दोघांनी पेटी उचलून लोकांच्या मध्ये ठेवली. तिची मागची कोपऱ्याची फळी कुरतडलेली होती, मुठीएवढे भोक. मास्तरांनी झाकण उघडले. धोतरांच्या खाली, युरोपच्या इतिहासाच्या शेवटच्या दोनशे पानांचा बारीक भुगा करून त्यात घरटे केलेले होते, आणि घरट्यात बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली पाच पिले होती. सगळ्या गावाला कणग्या मागे ठेवायला लावणाऱ्या माणसाने आपली पेटी न उघडता, न झटकता, थेट शाळेतून उचलून माळावर आणली होती. पुस्तकांत उंदीर असतो हे त्याच्या मनातच आले नव्हते. माझ्याही नाही; आणताना पेटीचे दुसरे कडे मी धरले होते.

लोक चार पावले मागे सरले. पुढे आल्या त्या ठकूमावशी. त्यांनी पेटीत वाकून नीट पाहिले. "माजी म्हायेरची कणगी गावात टाकून आले मी," त्या म्हणाल्या, "आन् ह्यांनी पुस्तकात उंदरीचं बाळतपान आनलंय."

कुणीतरी मागून फस्सकन हसले आणि लगेच थांबले. मास्तरांनी रुमाल काढून कपाळ पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, लिहून घ्या : उंदीर नरहर मास्तरांच्या पेटीतून आला, सर्वांनी पाहिले. मी खरोखरच पाटीवर लिहिले. आजवर मी दिलेल्या बातम्यांत ती पहिली. मग ते आबांकडे गेले.

"आबा, गाडी माझ्यासाठी जोडा. ती त्यांची नाही."

"तुमी गेल्यावर पोरं कोन शिकवनार?"

"म्हणजे मी राहायचं?"

"व्हय. चूक व्हती मानसाची."

"मग ज्या हिशेबानं मला ठेवता, त्याच हिशेबानं त्यांना ठेवा. त्यांनी तर पोती झटकली होती. मी पाहिलं होतं."

आबा पाटील मोठे जमीनदार होते आणि लवकर हसणारे नव्हते. त्यांनी पेटीकडे पाहिले, ओढ्यापलीकडे पाहिले, पुन्हा पेटीकडे पाहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. "ठकूमावशी, ती बोराटी काडा," ते म्हणाले. मावशींनी स्वतः जाऊन, काठीने ओढत, बोराटी काढली. ती टाकून दिली नाही. ओढत ओढत माळावर आणली आणि आमच्या झोपडीच्या दारात आडवी टाकली.

ती झोपडी आता आम्हाला बंद झाली; दहा दिवस मास्तर आणि मी ओढ्याच्या पलीकडे, हुसेनभाऊंच्या शेजारी राहिलो. शिक्षा मास्तरांनी मागून घेतली होती; मला ती झोपडीतला जोडीदार म्हणून मिळाली. हुसेनभाऊंना आता झऱ्यावर जायची मुभा होती, आम्हाला नव्हती. म्हणून ते रोज सकाळी दोन कळशा भरून आणत, एक स्वतःची आणि एक आमची. त्यांची आई नाचणीच्या भाकऱ्या करी आणि आम्ही त्या खात होतो. कोण कुणाकडचे खातो याची चर्चा गावात झाली असती, पण गाव पलीकडे होते. शाळा ओढ्यावरून चालली : मुले त्या काठावर, मास्तर या काठावर, पाढे मोठ्याने. पेटीला रॉकेल लावून ती कातळावर उघडी टाकली होती. झऱ्यावरचा तो उंदीर प्लेगचा होता की नुसताच मेलेला, हे कधी सिद्ध झाले नाही. माळावर गाठ कुणालाही आली नाही. फाल्गुनात देव गावात परतला, मागोमाग माणसे परतली, कौले चढली. ठकूमावशींची कणगी जागच्या जागी होती.

परतल्यावर चावडीत आबांनी निकाल दिला : दर मार्गशीर्षात मास्तरांनी पेटी चावडीपुढे उन्हात उघडून ठेवायची आणि ठकूमावशींनी तपासायची. थट्टेने दिलेला निकाल मास्तरांनी अक्षरशः पाळला. मावशी येत, हात कोपरापर्यंत पेटीत घालून कोपरे चाचपत आणि जमलेल्या लोकांना सांगत, "मास्तर, औंदा उंदीर न्हाई." मग हुसेनभाऊ सगळ्यांना गूळ वाटत. पुढल्याच सुगीला आबांच्या पंधरा माणसांनी मजुरी वाढवून मागितली आणि इंग्लंडचा दाखला दिला. आबांनी थोडी वाढवली. मास्तरांना मात्र ते वर्षभर "काय इंग्लंडचे राजे" म्हणून हाक मारीत होते.

काही वर्षांनी मास्तर लोणावळ्याच्या शाळेत आले आणि निवृत्त झाल्यावर वलवणला मुलाकडे राहिले. रोज सकाळी धरणाच्या बाजूने तुंगार्लीपर्यंत फिरायला जात. वाटेत भेटणारे बंगल्यांचे माळी त्यांना हवामान सांगत आणि ते विचारत, कुणी पाहिलं? लोणावळ्यातही ते इतिहास शिकवीत, पण युरोपच्या इतिहासात फ्रान्सच्या क्रांतीपाशी थांबत. मुलांनी पुढचे विचारले की सांगत, पुढचं उंदरानं खाल्लं. एका तपासनीस साहेबांना हे उत्तर आवडले नाही. मास्तरांनी त्यांना पुस्तक दाखवले. कुरतडलेली कड पाहून साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काही लिहिले नाही.

पेटीच्या कोपऱ्यावर त्यांनी पत्र्याचा तुकडा ठोकून घेतला होता. ठकूमावशी वारल्यानंतर तपासणीचे काम आपोआप हुसेनभाऊंकडे आले. दर मार्गशीर्षात ते तळेगावहून सकाळच्या गाडीने लोणावळ्याला येत, वलवणपर्यंत चालत जात, बरोबर गुळाची ढेप. मास्तर खुर्चीत, हुसेनभाऊ पेटीपाशी. दुपारी पुस्तके उलटायची, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही ऊन लागते. मी जमेल त्या वर्षी जात असे. दोघांचे बोलणे फारसे नसे. एकदा मी मास्तरांना विचारले होते की त्या दिवशी पेटीत उंदीर निघाला नसता तर? ते म्हणाले, "तर मी नुसता शहाणा ठरलो असतो, आणि गाडी निघाली असती."

कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी वलवणला गेलो. सुमतीबाईंनी सांगितले की सोमवारी पहाटे मास्तरांनी स्वतःच पेटी अंगणात काढून घेतली होती. नंतर ती आत घ्यायचे कुणाला सुचले नाही, आणि मग कुणाला घ्यावीशी वाटली नाही. संध्याकाळी त्या फक्त वर कापड घालत. पेटी अंगणातच होती, झाकण उघडे, पुस्तके सतरंजीवर ओळीने मांडलेली. खुर्चीही तिथेच. हुसेनभाऊ माझ्या आधी आले होते. ते आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि जमिनीवर बसायला त्यांना भिंतीचा आधार लागतो. त्यांनी पुस्तके एकेक करून उलटली. युरोपचा इतिहास शेवटी उलटला, पाने निसटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी. मग पेटीत हात घालून चारही कोपरे चाचपले, पत्र्याच्या कोपऱ्यावर जरा जास्त वेळ, आणि खुर्चीकडे तोंड करून म्हणाले, "मास्तर, औंदा उंदीर न्हाई."

सुमतीबाईंनी गूळ वाटला. त्या वेळी दुपारचा एक वाजला होता.